गिरणीच्या बॉयलरखात्यातला अ‍ॅसबेस्टॉस इतक्या वर्षांनी फुफ्फुसात कसा? गूळ, वाफ याने निघतो का?

भांडुपची_लेक

नमस्कार. प्रश्न माझ्या बाबांबद्दल आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही.

बाबा आता ७३ वर्षांचे आहेत. १९७३ ते १९९१ ते लालबागच्या एका कापड गिरणीत बॉयलरखात्यात होते, मधली संपाची वर्षं सोडून. हुद्दा फिटरचा, पण निम्मं काम लॅगिंगचं. वाफेच्या पाइपांवर पांढरी दोरी गुंडाळायची, वरून पांढऱ्या पावडरीचा लगदा थापायचा, आणि गळती निघाली की तेच सगळं वाळलेलं हातोडीने फोडून काढायचं. आई सांगते, घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या, पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या. त्यांचा खाकी शर्ट आई आधी गॅलरीत झटकायची, मग मोरीत भिजवायची. मी तिथेच खेळत असायचे.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांना दोन जिने चढले की थांबावं लागतं. कोरडा खोकला आहे. टीबीची तपासणी झाली, काही नाही. मग एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, केला. त्यात दोन्ही बाजूंच्या फुफ्फुसांच्या आवरणावर 'प्लाक' आणि खालच्या भागात थोडं फायब्रोसिस आलंय. डॉक्टर म्हणाले, हे अ‍ॅसबेस्टॉसचं आहे, फुफ्फुसाची स्वतःला साफ करायची यंत्रणाच याने बिघडते. बाहेर चाळीस माणसं थांबलेली. मला पुढे विचारवलं नाही.

पण घरी आल्यावर तेच डोक्यात फिरतंय. मुंबईत आपण सगळेच धूळ खातो. संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमाल काळा होतो. म्हणजे शरीर बाहेर टाकतंच ना? मग १९९१ ला सुटलेलं काम २०२५ मध्ये छातीत कसं उरतं? शेजारचे सांगतात गूळ द्या, वाफ द्या, सगळं निघून येईल. बाबा रोज गुळाचा खडा खातात, गिरणीतली सवय आहे. त्याचा उपयोग होतो का?

आणि दुसरं. आमच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे आहेत, फार जुने. भाऊ मे महिन्यात ते काढून नवे टाकणार आहे. तेही अ‍ॅसबेस्टॉसचेच ना?

---

करी_रोड_७८

ताई, माझे वडीलही गिरणीत होते, ब्लो रूमला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात. तिथे कापसाचा इतका तूस उडायचा की समोरचा माणूस दिसायचा नाही. सगळ्यांना गूळ मिळायचा. वडील ८४ वर्षं जगले. मी म्हणेन गूळ आणि सुंठ चालू ठेवा, रात्री ओव्याची वाफ द्या. जुन्या माणसांनी उगाच नव्हतं सांगितलं. काळजी करू नका, बाबांना बरं वाटेल.

---

श्वास_तपासनीस

भांडुपच्या ताई, मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात एकतीस वर्षं पीएफटीची, म्हणजे फुफ्फुसाची ताकद मोजणाऱ्या तपासणीची, टेक्निशियन होते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, "घ्या, घ्या, घ्या, आता फुंका, जोरात, अजून, अजून, सोडू नका" हे मी आयुष्यभर ओरडले. तुमच्या बाबांसारखी कितीतरी माणसं माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून गेली. गिरणीचे, गोदीतले, रे रोडच्या दारूखाना भागात जहाजं तोडणारे. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

डॉक्टर बरोबर म्हणाले. पण एका वाक्यात ते समजणार नाही, म्हणून सांगते.

फुफ्फुसाला साफसफाईच्या दोन व्यवस्था आहेत. पहिली श्वासनळ्यांत. तिथल्या पेशींवर बारीक केस असतात, एकेका पेशीवर दोनशेच्या आसपास. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि त्यांच्यावरचा चिकट थर, म्हणजे कफ, घशाकडे सरकवत राहतात. त्यात अडकलेली धूळ बहुतेक एका दिवसात वर येते. आपण ती खाकरतो नाहीतर नकळत गिळतो. तुमच्या रुमालावरचा काळेपणा त्याच्याही आधीचा, नाकातच अडकलेला.

दुसरी व्यवस्था अगदी टोकाला, जिथे हवेचे फुगे असतात. तिथे केस नाहीत, कफाचा सरकता पट्टा नाही. तिथे एक पेशी फिरत असते, मॅक्रोफेज. आपण तिला झाडूवाली म्हणू. समोर येईल तो कण ती गिळते, आत रसायनांनी विरघळवते, आणि न विरघळणारा असेल तर उचलून हळूहळू वरच्या पट्ट्यापर्यंत नेऊन सोडते. हे काम दिवसांचं नाही, महिन्यांचं. तरीही ती ते निमूटपणे करत असते.

आता अ‍ॅसबेस्टॉस. तो कण नाही, तंतू आहे. गंमत वाटेल, पण सगळा घात त्याच्या आकाराचा आहे. चाळीच्या अरुंद बोळातून लांब बांबू न्यायचा असेल तर आपण काय करतो? उभ्या दिशेने नेतो. बोळ जेवढा रुंद, त्याच्या दसपट लांब बांबू सुद्धा निघून जातो. तंतूचंही तसंच. तो आत किती खोल जाणार हे त्याच्या जाडीवर ठरतं, लांबीवर नाही. जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते, म्हणून तो हवेच्या धारेला समांतर होऊन थेट टोकाच्या फुग्यापर्यंत पोचतो. एवढ्याच लांबीचा गोल कण असता तर नाकात नाहीतर वरच्या नळीतच अडकला असता.

आत पोचल्यावर मात्र लांबी आडवी येते. ती झाडूवाली पेशी असते पंधरा-वीस मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड. पाच मायक्रॉनचा तुकडा ती गिळते, घेऊन जाते. पण वीस, तीस, पन्नास मायक्रॉनचा तंतू आला तर गिळायला लागते आणि मिटूच शकत नाही. पालिकेच्या कचऱ्याच्या गाडीत कुणीतरी बांबू घातलाय आणि मागचं झाकण बंद होत नाहीये, असं समजा. आता झाकण उघडं, गाडी चालूच, आणि आतलं घाण पाणी रस्त्यावर गळतंय. पेशीच्या आत जी रसायनं विरघळवण्यासाठी असतात तीच बाहेर गळतात, आजूबाजूच्या नाजूक भिंतीला लागतात. पेशी जळजळ वाढवणारे इशारे सोडते. दुसऱ्या पेशी धावून येतात, त्याच तंतूला झोंबतात, त्याही तशाच अडकतात. शेवटी मरतात. तंतू मात्र जागच्या जागी.

डॉक्टर 'यंत्रणा बिघडते' म्हणाले ते हे, ताई. तंतू नुसता साफ होत नाही एवढंच नाही. तो साफ करणारीलाच नासवतो. मग रोजची साधी धूळ, डिझेलचा धूर, ते उचलायलाही पेशी कमी पडतात. आणि जिथे वर्षानुवर्षं जळजळ राहते तिथे शरीर व्रण भरतं, जसा कापलेल्या जागी वण येतो. वण आला की तो भाग फुगत नाही आणि त्यातून प्राणवायू रक्तात उतरत नाही. तेच तुमच्या रिपोर्टातलं फायब्रोसिस.

त्या तंतूंचेही प्रकार आहेत. पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल, कुरळा असतो, तो फुफ्फुसात तुलनेने लवकर तुटतो, विरघळतो. निळा आणि तपकिरी सरळ सुईसारखे, ते दशकानुदशकं टिकतात. पण पांढरा सुरक्षित असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सगळेच प्रकार माणसात कर्करोग करणारे ठरवलेत. जुन्या बॉयलर लॅगिंगमध्ये तपकिरी आणि निळाही वापरला जायचा. रोग दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात ती म्हणूनच.

एक आठवण सांगते. मला तेव्हा नोकरीला सहाच वर्षं झाली होती. आमच्याकडे टेस्टला येणारे एक गोदी कामगार वारले. पॅथॉलॉजीतल्या मॅडमनी मला वर बोलावलं, म्हणाल्या, तुम्ही रोज ज्याची फुंकर मोजता ते बघा तरी. मायक्रोस्कोपला डोळा लावला. फिकट गुलाबी जाळीत एक सोनेरी तपकिरी काडी होती. वाळलेल्या डिंकाचा रंग. दोन्ही टोकांना गोळे आणि मधे मणी ओवल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, आतली काडी अ‍ॅसबेस्टॉसची, वरचं लोहाचं वेष्टण शरीराने चढवलंय. हरवता आलं नाही म्हणून निदान गुंडाळून ठेवायचा प्रयत्न केलाय. मी कितीतरी वेळ बघत राहिले. त्या माणसाने माझ्यासमोर तीनदा फुंकलं होतं आणि प्रत्येक वेळी विचारलं होतं, "बाई, अजून जोर लावू का?"

आता गूळ. करी रोडच्या दादांचा मान ठेवून सांगते. कापसाचा तूस वेगळा आणि अ‍ॅसबेस्टॉस वेगळा, दोन्हीला एक माप लावू नका. गूळ घशाला बरा वाटतो, लाळ सुटते, घशातली धूळ गिळली जाते. लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये उंदरांवर प्रयोग छापला होता, त्यात गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून कोळशाचे कण जास्त हलले होते. पण ते गोल कण, तेही उंदरांतले, आणि हलले ते जवळच्या गाठींमध्ये. त्यावरून अ‍ॅसबेस्टॉसचा लांब तंतू निघेल असं कुणीही म्हणू शकत नाही. वाफ तर श्वासनळ्यांच्या वरच्या भागालाच शेकते. रुतलेला तंतू बाहेर काढणारं औषध, काढा, यंत्र, काहीही नाही. कुणी 'फुफ्फुस डिटॉक्स' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. बाबांना मधुमेह नसेल तर एक खडा गूळ खाऊ देत, सवय आहे त्यांची. औषध म्हणून नको.

प्लाकबद्दलही सांगते, कारण तो शब्द वाचून घरातले लोक रडायला लागतात. प्लाक म्हणजे फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणावरचा जाड, कडक डाग. तो कर्करोग नव्हे, त्याचा कर्करोग होतही नाही. तंतू तिथपर्यंत पोचले होते याची ती खूण आहे. म्हणून लक्ष ठेवायचं, घाबरायचं नाही.

एक विचारते, रागावू नका. बाबा विडी ओढतात का?

---

पत्रेवाला_विक्रोळी

ताई, पत्र्यांचं मी सांगतो, माझा तोच धंदा आहे. जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे अ‍ॅसबेस्टॉसचाच धरून चालायचं. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात, नुसता डोक्यावर पत्रा आहे म्हणून रोज विष पडत नाही. पण कापला, भोक पाडलं, आपटून फोडला की धूळ उडते. आमची पोरं तोंडाला रुमाल बांधून कटर मारतात, मीही बरीच वर्षं तेच केलं. वरच्या पोस्टमधला बांबूचा दाखला वाचून आज माझ्या दोन पोरांना मोठ्याने वाचून दाखवला.

भावाला सांगा, हातोडीने फोडायचं नाही. आदल्या दिवशी जे-बोल्टला, म्हणजे पत्रा धरून ठेवणाऱ्या आकड्यांना, तेल सोडा. काढताना पत्रा पाण्याने ओला करा, पाण्यात थोडा साबण घाला म्हणजे पाणी मुरतं. नट फिरत नसेल तर बोल्ट कापा, पत्रा नाही. अखंड पत्रा दोघांनी खाली उतरवायचा, वरून टाकायचा नाही. शेवाळ तारेच्या ब्रशने घासायचं नाही. खाली पडलेला चुरा झाडूने लोटायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून फडक्यासकट दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधायचा. डेब्रिजच्या गोणीत मिसळू नका, वॉर्ड ऑफिसला विचारून वेगळा द्या. साधा रुमाल किंवा कापडी मास्क या तंतूला अडवत नाही. आणि जुन्या पत्र्यावर पाय देऊन कुणीही चढू नये, फळी टाकावी. दर मे महिन्यात पत्रा तुटून माणसं खाली पडतात, तो धोका आजचा आहे.

त्या दिवशी बाबांना आणि लहान मुलांना नातेवाइकांकडे पाठवा.

---

भांडुपची_लेक

सगळ्यांचे आभार. श्वास_तपासनीस ताई, तुमची पोस्ट मी बाबांना वाचून दाखवली. मायक्रोस्कोपपाशी आल्यावर ते म्हणाले, "थांब, परत वाच." मग बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, आम्ही त्या दोरीचे तुकडे दुपारी डोक्याखाली घेऊन झोपायचो, मऊ असायची.

हो, विडी ओढतात. बंडल पुरे नाही, पण आठ-दहा होतातच. सांगून थकले. आणि मला आता आईची भीती वाटतेय. शर्ट तीच झटकायची.

---

श्वास_तपासनीस

दोरी उशाला घेतलेली मी याआधीही ऐकलंय, ताई. कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. त्यांची चूक नाही, हे त्यांना आवर्जून सांगा. पुष्कळ जण स्वतःला दोष देत बसतात.

विडीचं आधी, कारण यात अजूनही तुमच्या हातात काहीतरी आहे. मी वर केसांचा सरकता पट्टा म्हटला, तो धुराने लुळा पडतो. म्हणजे टोकाची झाडूवाली अ‍ॅसबेस्टॉसने अडकवलेली आणि वरचा पट्टा विडीने थांबवलेला. दोन्ही व्यवस्था एकदम बंद. अमेरिकेत लॅगिंग करणाऱ्या कामगारांचा फार मोठा अभ्यास झाला, अगदी तुमच्या बाबांचंच काम. १९७९ मध्ये त्याचे आकडे आले. दोन्हीपासून लांब असलेल्या माणसाच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण नुसत्या अ‍ॅसबेस्टॉसने साधारण ५ पट, नुसत्या सिगारेटने ११ पट आणि दोन्ही असतील तर ५३ पट. ५ आणि ११ ची बेरीज १६ होते. ५३ होत नाही. हा आकडा बाबांना कागदावर लिहून दाखवा, गिरणीतला माणूस हिशेब समजतो. सोडल्यावर पट्टा काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा हलायला लागतो आणि कर्करोगाचा धोका वर्षागणिक उतरत जातो. ७३ व्या वर्षी सुद्धा. सोडल्यावर सुरुवातीला खोकला आणि कफ वाढू शकतो, तेव्हा "विडी होती तेच बरं होतं" म्हणतील. तिथे हट्टाने टिकवा.

आवरणाचा एक वेगळा कर्करोग असतो, मेसोथेलिओमा. तो विडीशी बांधलेला नाही, तो तंतूचाच. छातीच्या आवरणात पाण्याचा निचरा व्हायला बारीक भोकं असतात, काही मायक्रॉनची. आखूड तंतू त्यातून निघून जातात, लांब तिथे अडकतात. पुन्हा तोच बांबू. हा रोग कमी जणांना होतो, पण छातीत नवीन दुखणं, पाणी साठणं, झपाट्याने वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

आईबद्दल खोटं सांगणार नाही. १९६५ मध्ये लंडनमधल्या एका अभ्यासात, नवऱ्याचे कामाचे कपडे धुणाऱ्या बायकांमध्ये हा आजार सापडला होता. म्हणून आईच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगून ठेवा, छातीचा एक एक्स-रे काढून ठेवा, तुमचाही. पण तुमच्या आईसारख्या बहुतेक बायकांना काहीही होत नाही, हेही तितकंच खरं. कपडे झटकले ते प्रेमाने, त्याचं ओझं तिला देऊ नका. मी असते तर तिला ही पोस्ट वाचून दाखवली नसती.

---

ईएसआय_नाका

कागदांचं थोडक्यात. अ‍ॅसबेस्टोसिस हा कामगार कायद्याखाली कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे आणि ईएसआयच्या, म्हणजे कामगार विमा योजनेच्या, व्यावसायिक आजारांच्या यादीतही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅसबेस्टॉस उद्योगांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपायला सांगितलं. बाबांची गिरणी कापडाची होती, म्हणून तो निकाल त्यांना जसाच्या तसा लागेल असं धरू नका. पण ईएसआयचा विमा क्रमांक, जुनी पगाराची चिठ्ठी, गेटपास, पीएफचा कागद, यातलं जे ट्रंकेत असेल ते बाहेर काढा. डॉक्टरांकडून निदानात 'अ‍ॅसबेस्टोसिस' हा शब्द आणि 'बॉयलर लॅगिंगचं काम' हा इतिहास दोन्ही लिहून घ्या. नुसतं 'फायब्रोसिस' लिहिलं तर पुढे काही हलत नाही. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

---

भांडुपची_लेक

ट्रंक उघडली. १९७६ चा गेटपास मिळाला, फोटोसकट. बाबांना काळ्या मिशा आहेत त्यात.

५३ चा आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून दिला. त्यांनी दोनदा बेरीज करून बघितली. आज विडीशिवाय चौथा दिवस आहे, खोकला तुम्ही म्हणालात तसा वाढलाय. भावाने कटर मशीनवाल्याला नाही म्हणून सांगितलं. पीएफटी आणि ते डीएलसीओ का काय, गुरुवारी सकाळी नऊला आहे. त्यांना कसं न्यायचं? ते कालपासून घरी फुंकायचा सराव करतायत.

---

श्वास_तपासनीस

सराव करू देऊ नका, दमतील. त्या दिवशी पोट भरून नेऊ नका, चहा आणि दोन बिस्किटं पुरेत. सैल शर्ट घाला. कवळी असेल आणि घट्ट बसत असेल तर राहू द्या, हलत असेल तर काढा. एचआरसीटीचा रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही न्या. श्वासाचा कुठला पंप चालू असेल तर तो घ्यायचा की नाही ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. गेल्यावर पाच-दहा मिनिटं शांत बसवा, जिना चढून लगेच नको.

एफव्हीसी म्हणजे एकूण किती हवा बाहेर आली, ती कमी येईल बहुतेक. डीएलसीओ म्हणजे फुग्यातून रक्तात वायू किती उतरतो. यांच्यात तो आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फुंकरीला नीट जमणार नाही, कुणालाच जमत नाही, तीनदा घेतात. डॉक्टरांना फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारा. आकडे आले की इथे टाका, मी गुरुवारी संध्याकाळी बघते.